वरच्या नळीतला बद्द आवाज

३ मार्च

आत्या,

आधी हे वाच: मी धडधाकट आहे. बाबांनी तुला जे काही सांगितलं असेल ते निम्म्याने कमी कर. गुडघा सोलला, कोपर सोललं, हनुवटीला तीन टाके पडले, एवढंच. फोनच केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी केवढा घोळ झाला होता ते आठव. म्हणून पत्र.

रविवारी राज्याच्या संघाच्या निवडीची शर्यत होती. उतारावर तिसऱ्या वळणाला रस्त्याचा एक जोड आहे, खड्डा म्हणावा इतकाही नाही. सायकल त्यावर आदळली आणि हँडल हातात असं काही हललं की वाटलं, पुढचं अर्धं एकीकडे आणि मागचं अर्धं दुसरीकडे निघालंय. पुढचं मला नीट आठवत नाही.

माझं जाऊ दे. आमच्या टीममध्ये सगळ्यात लहान जी आहे, जिला आम्ही धाकटीच म्हणतो, ती माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर होती. वाऱ्याच्या आडोशाला राहायचं तर तसंच चालवावं लागतं. ती सरळ माझ्यावर आली. तिचं गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी बसवलीय. हे वर्ष तिचं गेलंच. काल भेटायला गेले तर ती मलाच विचारते, तुला फार लागलं का गं. मला तिथे पाच मिनिटंसुद्धा बसवेना.

आता सायकल. तुला माहीत आहे, ही कार्बनची आहे, लोखंडाची नाही. फ्रेमच्या खालच्या नळीला बोटभर चीर दिसते. वरच्या नळीला डोळ्यांना काही दिसत नाही. क्लबमधल्या निम्म्या जणी म्हणतात दुरुस्त करून घे, निम्म्या म्हणतात फेकून दे आणि नवी घे. तू सांग. तू आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काढलंस, आणि या सायकलीला तुझा हातही लागलाय. जानेवारीत पंधरा दिवस तुझ्याकडे होते तेव्हा अडकून बसलेलं पेडल तू सोडवून दिलंस, वर पुसून अगदी आरसा करून दिलीस. म्हणून तुलाच विचारते.

आणखी एक वाईट बातमी. आमचे मेकॅनिक, पानेकाका, ज्यांच्या खिशात झोपेतसुद्धा पाना असतो असं मी तुला सांगायचे, त्यांना क्लबच्या कमिटीने सध्या येऊ नका म्हणून सांगितलंय. शर्यतीआधी प्रत्येक सायकल तेच तपासतात आणि कागदावर सही करतात. माझ्या सायकलीच्या कागदावरही त्यांची सही आहे. ५ एप्रिलला चौकशीची शेवटची बैठक आहे, तोवर ते घरी. त्यावर मी आत्ता काही लिहीत नाही.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

टाकून दे. हा झाला निकाल. कारणं हवी असतील तर पुढे वाच, नको असतील तर पत्र मिटव आणि नव्या सायकलीच्या दुकानात जा.

लोखंड वाकलं तर सरळ करता येतं, तुटलं तर जोडता येतं, आणि जोड चुकला तर लोखंड स्वतःहून सांगतं. तुझी ती कार्बनची म्हणजे शेवटी काय, कापड आणि डिंक. त्यात आत काय चाललंय ते कोणाच्या बापाला कळणार? एकदा पडलेल्या सायकलवर तू पुन्हा उतारावर गेलीस तर इथे माझ्या जिवाला घोर. पैशाचं मी बघते, तू मध्ये बोलायचं नाही. म्हातारी काही गाठोडं बांधून वर नेणार नाहीये.

आणि हे बघ, दुरुस्तीवाल्यांकडे ती उघडून दाखवायच्या फंदात पडू नकोस. दहा जण दहा गोष्टी सांगतील, तुझं डोकं फिरेल आणि हाती काही लागणार नाही. झालं ते झालं. रस्त्याला जोड होता, सायकल आदळली, रस्ता करणाऱ्यांनी नीट करायला हवा होता. उगाच खोलात शिरून काय मिळवणार आहेस?

धाकटीचं दोनदा वाचलं. किती वर्षांची आहे गं ती? हात वर होतो का तिचा? पुन्हा चालवता येईल असं डॉक्टर म्हणतात का, ते नीट विचार आणि मला कळव.

त्या पानेकाकांना घरी का बसवलं ते मला समजलं नाही. सायकल पडली म्हणजे मेकॅनिक चुकला असं कोणत्या शहाण्याने ठरवलं? तू बोल ना त्यांच्या बाजूने. तुझं ऐकतील. मी कारखान्यात असताना असं कोणाला घरी बसवलं असतं तर सगळ्या खात्याने मशिनं बंद केली असती.

टाके ओले करू नकोस. हनुवटीवरची खूण राहिली तर राहू दे, आधीही तुझी हनुवटी काही फार बघण्यासारखी नव्हती.

आत्या


१६ मार्च

आत्या,

हनुवटीबद्दल धन्यवाद. टाके निघाले.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं, खरंच. माझ्या काळजीने तू स्वतःची पुंजी मोडायला निघालीस. पण माझ्याने राहवलं नाही, तुझं न ऐकता मी सायकल घेऊन दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. रागावू नकोस. त्या फक्त कार्बनचंच काम करतात. लहानशी खोली, एका भिंतीला कापडाची भेंडोळी, दुसऱ्या भिंतीला एक भट्टी, आणि सगळीकडे काळी भुकटी, त्यांच्या भुवयांवरसुद्धा. त्यांनी सायकल हातात घेतली आणि एक नाणं काढून नळ्यांवर वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक. जिथे नळी चांगली तिथे आवाज खणखणीत. चिरेजवळ गेल्यावर आवाज बदलला, ते अपेक्षितच होतं. मग त्या वरच्या नळीवर गेल्या, आणि सीटच्या जरा पुढे आवाज बद्द झाला. तिथे तर काहीच दिसत नव्हतं.

त्यांनी भिंगातून पाहिलं आणि मलाही दाखवलं. नळीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, केसाएवढ्या बारीक दोन रेषा आहेत. त्या म्हणाल्या, "पडल्याचा मार एका बाजूला असतो. हा दोन्ही बाजूंना आहे. पडून असं होत नाही, कशात तरी धरून आवळल्यावर असं होतं." मग सुईच्या टोकाने त्यांनी रेषेतून काहीतरी पांढरं काढलं. पॉलिश. म्हणजे चीर आधीची, आणि तिच्यावरून कोणीतरी पॉलिश फिरवलेलं. त्यांच्या मते उतारावर आधी वरची नळी गेली, मग मी पडले, मग खालची चिरली.

दोन्ही जागा दुरुस्त होतील असं त्या म्हणतात. पण मला आता दुरुस्तीचं सुचतच नाहीये. आत्या, सायकल धरून आवळतं कोण? पानेकाका. त्यांच्या वर्कशॉपमध्ये स्टँड आहे, त्याला सायकल धरायचा चिमटा आहे. खरं तर सीटच्या दांडीला धरायची असते, पण घाईत कोणी वरच्या नळीलाही धरतं. त्यांनीच कधीतरी तसं केलं असणार. पॉलिशचा डबाही त्यांच्या फळीवर असतो.

मी दुरुस्तीवाल्या बाईंकडून हे सगळं चिठ्ठीवर लिहून मागितलंय. परवा मिळेल. ती कमिटीला दिली की निदान धाकटीच्या आईला कळेल की मी निष्काळजीपणे चालवत नव्हते. ती मला काही बोलत नाही, पण मी गेले की उठून आत जाते.

धाकटी एकोणीस वर्षांची आहे. हात खांद्यापर्यंत वर होतो, त्याच्या वर नाही.

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

ती चिठ्ठी कमिटीला देऊ नकोस. मी सांगते म्हणून देऊ नकोस. कारण आत्ता विचारू नकोस.

एखाद्या माणसावर खापर फोडायला एक कागद पुरतो, आणि मग ते खापर गोळा करत बसायला जन्म जातो. तो माणूस इतकी वर्षं तुमच्या सायकली सांभाळतोय. त्याने चिमट्यात धरलीच असेल असं तू कशावरून म्हणतेस? पाहिलंस? नाही ना? मग गप्प बस थोडे दिवस.

माझी तब्येत बरी नाही. विशेष काही नाही, जेवण जात नाही इतकंच. सविस्तर लिहिते.

आत्या


२७ मार्च

आत्या,

आठवडा झाला, तुझं सविस्तर पत्र कुठे आहे? बाबा म्हणतात तू त्यांचा फोन उचलून "मला काही ऐकू येत नाही" म्हणालीस आणि ठेवून दिलास. मला माहीत आहे, ऐकायचं नसलं की तू बहिरेपणा जरा वाढवतेस.

आणि कारण विचारू नकोस म्हणजे काय? लहानपणी मी "असंच" म्हटलं की तू माझा कान धरून म्हणायचीस, असंच काही नसतं, कारण सांग. आता मी तुझा कान धरू?

चिठ्ठी मी दिली. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच दिली होती, आता काय करणार. सेक्रेटरींनी दोनदा वाचली आणि म्हणाले, मग प्रश्नच मिटला. बैठक आता नावापुरतीच.

काल पानेकाका त्यांचं कपाट रिकामं करायला आले होते. त्यांची स्वतःची हत्यारं आहेत त्यात, सव्वीस वर्षांची. एकेक पाना फडक्यात गुंडाळून त्यांनी पेटीत ठेवला. कोणी मदतीला गेलं नाही. मी वरच्या खोलीत होते, खिडकीतून सगळं पाहिलं. खाली उतरले नाही. पेटी जड होती, दोनदा त्यांनी ती जमिनीवर टेकवली.

मला हे लिहून काय हवंय तेच कळत नाही. तू निदान मला रागाव तरी.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं, हे फाडणार नाही. पोस्टात टाकूनच जेवायला बसणार आहे.

तुझी सायकल पानेकाकांनी आवळली नाही. मी आवळली. माझ्या वाईसमध्ये.

तू त्या सकाळी डोंगराकडे पळायला गेली होतीस. मला वाटलं, पोरगी यायच्या आत पेडल सोडवून ठेवावं, खूश होईल. एका हाताने सायकल धरायची आणि दुसऱ्याने पाना लावायचा तर सायकलच गरकन फिरायची. चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. नळीला जुना टॉवेल गुंडाळला, टेबलाच्या वाईसमध्ये, त्या लोखंडी जबड्यात, धरली आणि हलणार नाही इतकी आवळली. पान्यावर हातभर पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. पेडल सुटलं. माझा डावा हात नळीवर होता. त्या हाताखाली काहीतरी दबलं. अंड्याचं कवच बोटाखाली जातं ना, तसं. ऐकू काही आलं नाही, पण हाताला कळलं.

टॉवेल काढला तर दोन बाजूंना दोन पुसट रेषा. लोखंड असतं तर पोचा आला असता आणि मला तिथल्या तिथे समजलं असतं. इथे नळी पुन्हा होती तशी. मी नाणं घेऊन ठोकून पाहिलं. तुझ्या त्या बाईंना माहीत आहे ते मलाही माहीत होतं, कारखान्यात भेगा आम्ही अशाच शोधायचो. मला सगळीकडे सारखाच आवाज आला. मला हल्ली सगळीकडे सारखाच येतो. दाबयंत्रांशेजारी इतकी वर्षं उभं राहिल्यावर बारीक आवाज जातात, हे डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलंय आणि तो कागद मी कपाटात ठेवलाय. तरी मी स्वतःला म्हटलं, बघ, काही झालेलं नाही. मग पांढरं पॉलिश घेतलं आणि त्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत घासत बसले.

तू आलीस, पेडल फिरवून पाहिलंस, माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, आत्या, तुझ्या हाताला तोड नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण घरी बसल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं गं. वाटलं, एवढं आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. उद्या तू निघालीस.

टाकून दे, उघडून दाखवू नकोस असं मी लिहिलं ते काही तुझ्या काळजीने नव्हतं. तू त्यावर रडलीस असं लिहिलंस तेव्हा मला स्वतःची किळस आली. आणि चिठ्ठी देऊ नकोस हेही त्या माणसाच्या कळवळ्याने कमी आणि माझ्यापर्यंत धागा येऊ नये म्हणून जास्त. आता सगळंच लिहिते. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचं हाड माझ्या वाईसने मोडलं. तुझी हनुवटीसुद्धा. एका माणसाचं नाव माझ्यामुळे गेलं आणि मी इथे मूग गिळून बसले.

हे पत्र कमिटीला वाचून दाखव. तुझ्या लोकांना सहीचं एवढं प्रेम आहे ना, तर ही घ्या माझी सही. मला तोंड दाखवायला जागा ठेवायची गरज नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन. समजून घेईन हे खोटं आहे, पण तक्रार करणार नाही.

तुझी आत्या


६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि मला तुझा भयंकर राग आला. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. तू फोनवर असतीस तर मी इतकी ओरडले असते की तुला नक्की ऐकू गेलं असतं. माझ्या जिवाशी खेळ झाला होता, आणि तू पॉलिश फिरवलंस. हे मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, वेळ लागेल.

पण राग उतरल्यावर खाली दुसरंच काहीतरी निघालं. ते तुला सांगितल्याशिवाय मला तुझ्यावर रागावताही येत नाहीये.

शर्यतीच्या सकाळी पानेकाकांनी माझी वरची नळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग म्हणाले, "इथे बद्द येतंय. आज ही सायकल नको. माझी जुनी लोखंडी घे, ती मी कालच नीट केली आहे." मी म्हटलं, लोखंडी सायकलवर कोणाची निवड झालीय का कधी? ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी. मी रडले, आत्या. सगळ्यांच्या मागे, गाडीच्या आडोशाला उभी राहून रडले आणि म्हटलं, तुम्ही माझं वर्ष घालवताय. ते कितीतरी वेळ कागद धरून उभे होते. मग त्यांनी सही केली आणि एवढंच म्हणाले, उतारावर जपून. मी जपून गेले नाही.

चौकशीत मला विचारलं, सायकलची तपासणी झाली होती का? मी म्हटलं, हो, सही आहे ना. एक शब्द खोटा नव्हता. पानेकाका समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, सही माझीच आहे.

दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या ना, की हे धरून आवळल्यामुळे झालंय, तेव्हा मला आनंद झाला. खरंच आनंद झाला. वाटलं, चला, त्यांनीच बिघडवली असेल, म्हणजे त्यांनी सांगूनही मी ऐकलं नाही हे आता फार मोठं नाही. तू पेडल सोडवलंस हे मला आठवत होतं. तुझा वाईस मी पाहिलेला आहे, तुझ्याकडे पॉलिश आहे हेही मला माहीत आहे. तरी तुझं नाव मी मनात येऊ दिलं नाही. मला ते त्यांच्यावरच हवं होतं.

काल बैठक झाली. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. तुझं वाचून झाल्यावर माझं सांगितलं. खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. धाकटीची आई तिथे होती. ती उठून गेली नाही, पूर्ण ऐकलं तिने, आणि मग माझ्याकडे न बघता निघून गेली. मला सहा महिने बंदी. पानेकाकांनी आधीच ही सायकल नको म्हटलं होतं, म्हणून त्यांच्यावर काही ठपका नाही, त्यांना सन्मानाने परत बोलवायचं ठरलं. ते तिथेच कोपऱ्यात बसले होते. लोक त्यांचा हात हातात घेत होते आणि ते नुसते उभे होते.

मी त्यांच्याजवळ गेले. ते म्हणाले, घरी जा, खाऊन घे काहीतरी.

फ्रेम अजून दुरुस्तीवाल्या बाईंकडे आहे, त्या विचारतायत काय करायचं. मी तुला पुन्हा तोच प्रश्न विचारते, आत्या. दुरुस्त करू की टाकून देऊ? या वेळी खरं सांग.

भिंगरी

ता. क. जेवतेस का?


१७ एप्रिल

बाई,

तुमचं पत्र मिळालं. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं माकलं सांभाळून घ्या. तुमची भाची तुम्हाला आत्या म्हणते, पण मला तेवढा अधिकार नाही म्हणून बाई लिहिलं.

तुम्ही लिहिता की सगळा दोष तुमचा, भाचीचं मनावर घेऊ नका. तुमची भाची कमिटीपुढे म्हणाली, सगळा दोष तिचा, आत्याचं वय झालंय. तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात. पोरगी चांगलं बोलली. तिला सहा महिने मिळाले ते ती भोगेल आणि मोकळी होईल. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमच्याबद्दलही नाही. वाईसमध्ये मीही सुरुवातीला एक नळी चिरडली आहे, फक्त ती माझी स्वतःची होती.

मला कमिटीने निर्दोष ठरवलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः वर्कशॉपची किल्ली घेऊन घरी आले, चहा घेतला, झालं गेलं विसरा म्हणाले. ती किल्ली दहा दिवस टेबलावर होती. काल मी ती परत नेऊन दिली. का ते कोणाला सांगितलं नाही. तुम्ही स्वतःचं इतकं उघड लिहिलंत, म्हणून तुम्हाला सांगतो.

बाई, तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं. ती नळी बद्द वाजली ते मी ऐकलं, शंका नको म्हणून परत वाजवून ऐकलं. पोरगी म्हणते ती रडली म्हणून मी सही केली. पोरी दरवर्षी रडतात. सव्वीस वर्षांत मी कोणाच्या रडण्याला बधलो नाही, एकीने तर मला दात लावले होते. त्या दिवशी सही केली कारण मलाच तिची निवड व्हायला हवी होती. माझ्या हाताखालची एकही पोरगी आजवर राज्याच्या संघापर्यंत गेली नव्हती. मला वाटलं, दोन तासांचा प्रश्न आहे, टिकेल. हे बैठकीत मला कोणी विचारलं नाही, आणि सगळे हात हातात घेत होते तेव्हा मीही सांगितलं नाही.

मग मी धाकटीकडे गेलो. तिच्या आईने दार उघडलं, बसा म्हणाल्या. मी धाकटीला जसं घडलं तसं सांगितलं. ती हाताचा व्यायाम करत होती, भिंतीवर बोटं वर वर नेण्याचा. ऐकून थांबली. रागावली नाही. म्हणाली, "काका, पण मीसुद्धा तुमच्याच सहीवर निघाले होते ना."

मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होतो की सही करताना मी फक्त तुमच्या भाचीचा जीव पणाला लावतोय, आणि त्याला तर तिने स्वतःच होकार दिला होता. वीतभर मागून जी चालवते ती पुढची सायकल तपासलेली आहे या भरवशावर चालवते. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती निघायच्या आधी माझ्याजवळ येऊन हसून गेली होती.

भाचीला हे मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिने खरं सांगितल्यावर माझं सगळं जागच्या जागी आलं. मी परत का गेलो नाही हे ती विचारेल, तेव्हा तुम्ही सांगा. मला जमणार नाही.

तुम्ही फ्रेमचं माझं मत मागितलंत, तुमच्या हातावर तुमचा भरवसा राहिला नाही म्हणून. टाकू नका. त्या दुरुस्तीवाल्या बाई कामाला पक्क्या आहेत, मी त्यांचं काम पाहिलंय. दोन्ही जागा घासून, नवं कापड चढवून, भट्टीत पक्की करून देतील. नळी पहिल्यासारखी होईल, कदाचित जास्तच बळकट. बंदी संपली की पोरीला म्हणावं, बिनधास्त चालव.

फक्त तपासायला माझ्याकडे पाठवू नका.

आपला,
पानेवाला